मागणी होताच

यशवंतराव कंधारकर ज्या सरकारी खात्यातून निवृत्त झाले, तिथे नव्यानं लागलेल्या कारकुनाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं की पत्र अडलं तर कंधारकरांकडे जा. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सह्यांखाली जाणारा मजकूर लिहिला. लिहीत इंग्रजीत, समोर उभ्या असलेल्या माणसाला समजावत तेलुगूत, शिपायाशी बोलत दखनीत, आणि घरी येऊन वैतागत ते मराठीत. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते, वडील शाळा तपासनीस. इतर घरांत पोथीला जो मान, तो या घरात सरकारी कागदाला होता. कागद नीट लिहिला आणि योग्य टेबलावर पोचला की आज ना उद्या काम होतंच, असं यशवंतराव मानत. त्यांच्या पत्नी भारतीबाई गणिताच्या शिक्षिका. त्या म्हणायच्या, "आज ना उद्या म्हणजे नेमके किती दिवस, ते एकदा मांडून दाखवा मला."

निवृत्तीनंतर यशवंतराव विद्यानगरातल्या मराठी वाचनालयाचे कार्यवाह झाले. किराणा दुकानावरच्या दोन खोल्या, चार हजार पुस्तकं आणि आठ-दहा वाचक, तेही बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांची नातवंडं घरात मराठी बोलत, पण पुस्तक हातात दिलं की एकेक अक्षर जुळवत बसत. वाचनालयात माणूस यावा म्हणून यशवंतरावांनी तिथे फुकट इंटरनेट सुरू केलं. विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, आजूबाजूच्या खोल्यांतून नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली दाटीवाटीनं राहणारी. चार महिन्यांत खुर्च्या पुरेनात. मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारी सगळीच यायची, गपगुमान बसून अभ्यास करायची. जाताना एखाददुसरं पुस्तकही चाळायची. यशवंतराव दाराशी बसून हे बघत, आणि संध्याकाळी घरी जाताना त्यांची चाल जरा तरणी झालेली असे.

मग प्रश्न आला तो नावनिशीचा. सार्वजनिक जागी नेट देणाऱ्यानं वापरणाऱ्याची ओळख लिहून ठेवावी, असा सरकारी नियम होता. तो सायबर कॅफेंसाठी केलेला, आणि वाचनालयाला कुणी कधी विचारलेलं नव्हतं. पण यशवंतरावांना तो नियम पाठ होता, कारण त्याचा मसुदा त्यांच्याच टेबलावर झाला होता. त्यांनी विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. अध्यक्ष हिम्मतराव यांचा कुकटपल्लीला प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना. त्यांचं म्हणणं पडलं की एवढी भानगड असेल तर नेटच काढून टाका. नेमानं येणाऱ्या मुलांनाही बोलावलं होतं. ती म्हणाली, नेट मोकळं असू द्या, वाचायला येणाऱ्याचं कार्ड कशाला मागायचं. दीड तास वाद झाला. यशवंतरावांनी मधला रस्ता काढला. प्रत्येकानं ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, मोबाइलवर आलेला आकडा टाकूनच नेट सुरू होईल, आणि कोण किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत होता, कुठलं पान उघडलं, याची नोंद यंत्र आपोआप ठेवील.

त्या सभेत एक मुलगी उभी राहिली. त्रिवेणी तिचं नाव. गौलीगुड्यात तिच्या वडिलांचं, अंबाजींचं, सुतळी, दोरखंड आणि ताडपत्र्यांचं दुकान. घराणं मूळचं शेतकरी, देगलूरकडचं. आजोबांच्या काळात शहरात आलेलं. घर दुकानावरच, खाली दिवसभर मालाची चढउतार, म्हणून ही मुलगी दोन बसा बदलून वाचनालयाच्या शांततेत अभ्यासाला यायची. तिनं विचारलं, "काका, कोणी कुठलं पुस्तक वाचलं ते पोलिसांना सांगतो का आपण? मग हे का लिहून ठेवायचं?"

यशवंतराव हसून म्हणाले, "अगं पोरी, वावगं काही करायचं नसेल तर नाव सांगायला भ्यायचं कशाला? ही नोंद उद्या तुलाच सांभाळील."

ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स देणाऱ्यांत पहिलं नाव तिचंच होतं.

पुढे वर्षभर सगळं सुरळीत चाललं. त्रिवेणीची आणि यशवंतरावांची चांगली गट्टी जमली. ते तिला रोज मराठी पेपरातला एक मथळा मोठ्यानं वाचायला लावत. जोडाक्षराला ती अडखळली की दोघंही थांबून राहत, आणि जमलं की ती "हौ, आलं" म्हणून पुढे जाई. एका भरतीच्या परीक्षेला ती बसली. परतली ती सरळ वाचनालयात आली. तिच्या केंद्रावर प्रश्नपत्रिकांचं पाकीट वर्गात आलं तेव्हाच त्याचं सील फुटलेलं होतं. तिनं आणि आणखी दोघींनी तसं सांगितलं, तर पर्यवेक्षकानं गप्प बसा म्हणून दटावलं आणि सील शाबूत असल्याच्या कागदावर सही करून टाकली.

यशवंतरावांनी कागद पुढे ओढला. परीक्षा मंडळाच्या सचिवांना त्यांनी स्वतः तक्रार लिहून दिली. केंद्र, खोली, वेळ, पर्यवेक्षकाचं वर्णन, शेवटी चौकशीची नम्र विनंती. रजिस्टर पोस्टानं पाठवायला सांगितलं आणि पोचपावती जपून ठेवायला सांगितली. पोचपावती आली. त्यानंतर सहा आठवडे काहीच आलं नाही. त्रिवेणी दर सोमवारी विचारायची, "काका, आज येईल ना?" आणि ते म्हणायचे, फाइल फिरायला वेळ लागतो.

सातव्या आठवड्यात तिनं विचारायचं सोडलं. एके दुपारी वाचनालयाच्याच नेटवरून, खोटं नाव घेऊन, तिनं परीक्षार्थींच्या एका पानावर पाच ओळी लिहिल्या. आमच्या खोलीत पाकीट आलं तेव्हा सील फुटलेलं होतं, आम्ही सांगितलं, कोणी ऐकलं नाही, आणखी कुठे असं झालं असेल तर लिहा. त्या पाच ओळी दोन दिवसांत शहरभर गेल्या. मंडळानं सगळं खोटं असल्याचं जाहीर केलं आणि अफवा पसरवल्याची तक्रार पोलिसांत दिली.

बुधवारी सकाळी एक सब-इन्स्पेक्टर वाचनालयात आला. तरुण, अदबशीर. त्यानं चप्पल-बूट काढायचे का, असंही विचारलं. मजकूर तुमच्या जोडणीवरून गेला आहे, अमुक तारीख, अमुक वेळ, नाव पाहिजे, एवढंच त्याचं काम. यशवंतरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, लेखी मागणी द्या, म्हणजे मला उत्तर देता येईल.

तो ओशाळल्यासारखा हसला. फोनमध्ये नियम काढून त्यानं पुढे धरला. "साब, आप तो सरकार के आदमी हैं, आपकू क्या बोलना. इसमें लिखा है, मागते ही देना. कल तक देदेव, बस."

ते वाक्य यशवंतरावांनी वाचलं. इंग्रजीत होतं, त्यांच्याच वळणाचं. 'नोंदी मागणी होताच सादर कराव्यात.' आणि त्यांना ती फाइल आठवली. त्यांनी मुळात लिहिलं होतं की कारण नमूद केलेली लेखी मागणी आल्यास सात दिवसांत नोंदी द्याव्यात. वरच्या साहेबांनी 'कारण', 'लेखी' आणि 'सात दिवस' हे तिन्ही तांबड्या पेन्सिलीनं खोडले आणि वर दोन शब्द लिहिले. "कंधारकर, पोलीस काय अर्ज करत बसणार का?" असं म्हणून फाइल परत दिली. शेऱ्यात एक ओळ लिहून हरकत नोंदवता आली असती. यशवंतरावांनी ती लिहिली नाही. घाबरून नाही, त्यांना तेव्हा ते महत्त्वाचंच वाटलं नव्हतं. बसस्टँडजवळच्या कॅफेवाल्यांचा प्रश्न होता, आणि त्यांना मसुदा स्वच्छ करून संध्याकाळच्या आत वर पाठवायचा होता.

सब-इन्स्पेक्टर गेल्यावर त्यांनी नोंद उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती. त्या दुपारी पाच जण नेटवर होते आणि ते पान पाचांपैकी एकीनंच उघडलं होतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नोंदी पुसायचं बटण होतं. यशवंतराव त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. पुसून उपयोग नाही, नेट पुरवणाऱ्या कंपनीकडे दुसरी प्रत असते, हे त्यांनीच सभेत सांगितलं होतं. पण ती प्रत नसती तरी आपल्या हातानं ते बटण दाबलं गेलं नसतं, हेही त्यांना कळत होतं. आयुष्यात त्यांनी एकही कागद फाडला नव्हता.

हिम्मतरावांना फोन केला, तर ते म्हणाले, "यशवंतराव, देऊन मोकळे व्हा. उद्या संस्थेची नोंदणी रद्द केली तर काय करतंव आपण? माझे कारखान्याचे सतरा परवाने आहेत हो त्यांच्या हातात."

भारतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी त्या मुलीला सांगून या. तिला दुसऱ्याकडून कळायला नको."

म्हणून ते दुपारी बसनं कोठीला उतरून गौलीगुड्याला चालत गेले. अंबाजी गिऱ्हाइकाला ताडपत्री मापून देत होते. साहेब स्वतः आलेले बघून ते गडबडले, गादी झटकून बसायला दिलं, पोरीला वरून हाक मारली. यशवंतरावांनी जे झालं ते सरळ सांगितलं. अंबाजींच्या हातात टेप तशीच राहिली.

"साहेब, पोरीनं लिहिलं ते खरं हाय ना?"

"खरं आहे."

"मग तुम्ही नाव नाही सांगितलं तर?"

यशवंतरावांनी समजावलं की मग पाचही जणांना बोलावतील, आणि कंपनीकडून दोन-चार दिवसांत नाव निघेलच. मंडळाला दिलेल्या तक्रारीची पोचपावती आहे, तीही आपण दाखवू, मी सोबत येईन. बोलताना त्यांचं त्यांनाच जाणवलं, की आपण पुन्हा त्याच समजावणीच्या सुरात बोलतोय.

त्रिवेणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती रडली नाही, की चिडली नाही. म्हणाली, "द्या काका. बाकीच्या चौघांना कशाला?" मग तिनं विचारलं, "त्या नोंदीत मी काय लिहिलं तेपण आहे का? का नुसतं नाव?"

"नाव, वेळ आणि कुठलं पान ते. मजकूर नसतो."

"म्हणजे काय लिहिलं ते कोणी वाचणारच नाही," ती म्हणाली.

 अंबाजींनी चहा मागवला होता. तो यशवंतरावांनी कसाबसा संपवला.

गुरुवारी त्यांनी नाव दिलं. कागदावर टाइप करून, खाली तारीख घालून, सोबत पोचपावतीची प्रत जोडून. सब-इन्स्पेक्टरनं वरचा कागद घेतला आणि पोचपावती परत केली. ती या प्रकरणात लागत नाही, म्हणाला.

त्रिवेणीवर गुन्हा कधीच दाखल झाला नाही. झाला असता तर वकील देता आला असता, जामीन मागता आला असता, निदान झगडायला समोर काहीतरी असतं. झाली ती नुसती चौकशी. तिचा फोन जमा करून घेतला. दर चार-आठ दिवसांनी सकाळी दहाला बोलावत. बाकावर बसवत. साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणत आणि पाचला जा म्हणत. यशवंतराव प्रत्येक वेळी तिच्यासोबत गेले. सुरुवातीला त्यांनी पिशवीतून मराठी पेपर काढला, तर तिनं मान हलवून नको म्हटलं. मग दोघंही समोरच्या भिंतीवरच्या हरवलेल्या माणसांच्या फोटोंकडे बघत बसत. एकदा एका बाईनं, तुमची नात का, म्हणून विचारलं. यशवंतराव हो म्हणाले. त्रिवेणीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्याच महिन्यात तिचं दुसऱ्या एका परीक्षेतून निवड यादीत नाव लागलं. सरकारी प्रयोगशाळेत सहायकाची जागा. कागद तपासणीला पोलिसांचा दाखला लागत होता. ठाण्यात म्हणाले, चौकशी सुरू आहे, दाखला कसा देणार. मग चौकशी संपवा म्हटलं, तर मंडळाकडून उत्तर आलं नाही, ते आल्याशिवाय कशी संपणार. मंडळात गेले, तर तिथल्या कारकुनानं सांगितलं, पोलिसांनी आम्हाला काही विचारलेलंच नाही.

यशवंतराव आपल्या जुन्या खात्यात गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा, श्रीकांत, आता तिथे मोठ्या खुर्चीवर होता. तो उठून उभा राहिला, पाया पडला, बिस्किटं मागवली. सगळं ऐकून दोन ठिकाणी फोन केले. दोन्हीकडून बघतो असं उत्तर आलं. निघताना श्रीकांत त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "सर, तो नियम इतका घट्ट बांधलाय की आत बोट घालायला जागा नाही. तुमचाच मसुदा ना तो?" त्यानं ते कौतुकानं म्हटलं होतं.

तपासणीची तारीख निघून गेली. यादीतल्या पुढच्या नावाला जागा मिळाली. ज्या परीक्षेचं सील फुटलं होतं तिचाही निकाल लागला, आणि नेमणुका झाल्या.

पावसाळ्यानंतर सरकारनं सार्वजनिक इंटरनेटच्या नव्या नियमांचा मसुदा काढला आणि लोकांच्या सूचना मागवल्या. एका सभागृहात चर्चा होती. भारतीबाई नको म्हणत असताना यशवंतराव इस्त्रीचा सदरा घालून गेले. व्यासपीठावरचे अधिकारी म्हणाले, गुन्हेगार अशाच फुकट जोडण्या शोधतात, माग काढायला नोंदी हव्यातच. एका तरुण वकील बाईंनी म्हटलं की बसस्टँडवरच्या गरिबालाच तेवढं नाव सांगावं लागतं, घरच्या नेटवाल्याला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हुर्यो उडवली. नेटचे बूथ चालवणारे आपापली रडगाणी मांडत होते. यशवंतरावांना तीन मिनिटं मिळाली. ते म्हणाले, नोंद ठेवायला माझा विरोध नाही, मी स्वतः ठेवत होतो. पण नोंद मागणाऱ्यानं का मागतो ते लिहून द्यावं. एवढं एक वाक्य घाला. पूर्वी ते मसुद्यात होतं, ते खोडलं गेलं, आणि ते खोडताना मी तिथे होतो. मग त्रिवेणीचं नाव न घेता ते तिची हकीकत सांगू लागले, पण मुलगी पहिल्यांदा ठाण्यात गेली इथपर्यंत येईतो घंटा वाजली.

"चांगली सूचना आहे," व्यासपीठावरचे अध्यक्ष म्हणाले. "लेखी द्या."

त्यांनी लेखी दिलं. दोन पानं, आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही मसुद्याहून जास्त मेहनतीनं लिहिलेली. फोनवर एक लांबलचक पोच क्रमांक आला. तीन महिन्यांनी नवे नियम निघाले. त्यांचं वाक्य त्यात नव्हतं. 'मागणी होताच' तसंच होतं. फक्त नोंदी एका वर्षाऐवजी दोन वर्षं जपायच्या होत्या.

दरम्यान कार्यकारिणीनं वाचनालयातलं नेट एकमतानं बंद केलं होतं. ठरावाचा मजकूर यशवंतरावांनीच लिहून दिला, कारण दुसऱ्या कुणाला तसा जमत नव्हता. मुलं हळूहळू यायची थांबली. खुर्च्या भिंतीला लावून एकात एक रचून ठेवल्या.

संक्रांतीच्या सुमारास त्रिवेणी एकदा आली. कुकटपल्लीला औषधांच्या एका गोदामात ती नोंदी भरायच्या कामाला लागली होती. लग्नाचंही बघत होते. तिनं भारतीबाईंसाठी तिळगूळ आणला होता. थोडं इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "काका, ती माझ्या कार्डाची झेरॉक्स परत मिळेल का? नेट तर बंदच झालं ना."

यशवंतरावांनी कपाटाची किल्ली हातात घेतली, आणि तिथेच थांबले. नवा नियम त्यांना पाठ होता. शेवटच्या वापरापासून दोन वर्षं कागद ठेवणं बंधनकारक, आणि ज्याच्यावर चौकशी सुरू आहे त्याचा तर चौकशी संपेपर्यंत. हे त्यांनी तिला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. तिनं वाद घातला नाही. त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि जिना उतरून गेली. तो देताना जे म्हणायचं ते दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

त्रिवेणीचा फोन अजून ठाण्यातच आहे. तो सोडवण्याचा अर्ज यशवंतरावांनी लिहून दिलाय, आणि एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी ते त्याचं काय झालं विचारायला जातात. तिथला रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार, आता त्यांना ओळखतो. पंख्याखालची खुर्ची देतो, कधी एखादं अडलेलं पत्र पुढे करून, "साब, जरा ये देखलेव," म्हणतो. यशवंतराव चष्मा लावून ते दुरुस्त करून देतात. मग आपल्या अर्जाचं विचारतात. साहेब बंदोबस्ताला गेलेत, असं कळतं, आणि ते पुढच्या खेपेची तारीख लिहून घेतात.